हिवाळ्यात लहान लेकरांना घेऊन उबदार ठिकाणी जायचंय? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी सगळं नीट सांगते

जळगाव-धुळं म्हटलं की बाहेरच्या लोकांना मे महिन्यातले ४५ अंशच आठवतात, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री काय होतं ते आपल्यालाच माहीत. जळगावला पारा ८-९ वर येतो, धुळ्यात तर कितीदा ५-६ पर्यंत उतरतो, आणि पहाटे केळीच्या बागेला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा थंडी म्हणजे काय ते. घरात लहान लेकरू असलं की नोव्हेंबरच्या शेवटापासून नाक वाहणं, रात्रीचा खोकला, फुटलेले ओठ हे सगळं चालू होतं आणि मग वाटतं की चार-पाच दिवस कुठेतरी उबेला जाऊन यावं.

माझं सासर अमळनेर, माहेर सावद्याकडचं, मुलगी आता ६ वर्षांची आणि मुलगा सव्वादोन वर्षांचा. मुलगी दीड वर्षाची असताना आम्ही डिसेंबरात एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो, सुट्टी म्हणजे हिल स्टेशन एवढंच डोक्यात होतं. रूममध्ये रात्री इतका गारठा की तिला दोन स्वेटर घालून मध्ये झोपवलं तरी ती कण्हत होती, सकाळी गरम पाणी ९ वाजेपर्यंत आलं नाही, तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली आणि फिरणं सोडून घाट उतरून डॉक्टरकडे पळालो. सासूबाई निघतानाच म्हणाल्या होत्या, "इतली थंडीमा पोरेस्ले कोठे लयी चालनात?" त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर दरवर्षी मी ठिकाण निवडायची पद्धतच बदलली, आणि ओळखीतल्या बायका विचारतात म्हणून ती पूर्ण लिहून काढतेय.

आधी रात्रीचं तापमान बघा, फोटो नंतर

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. जानेवारीत जळगावचं दुपारचं तापमान ३० च्या आसपास असतं आणि रत्नागिरीचंही ३१-३२ च असतं. म्हणजे दुपारचा आकडा बघितला तर दोन्ही सारखेच. फरक रात्रीचा आहे, जळगावला ११-१२ आणि थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली, रत्नागिरीला १९ च्या आसपास. मोठ्या माणसाला दिवस-रात्रीतला १८-२० अंशांचा फरक झेपतो, पण लहान लेकरू दुपारी घामाघूम होतं, संध्याकाळी त्याच कपड्यात गारठतं आणि रात्री पांघरूण लाथाडतं, आजारपण तिथूनच सुरू होतं.

असं का होतं तर आपला भाग समुद्रापासून लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता भराभर सोडून देते आणि उत्तरेकडून गार वारं आलं की अजून भर. समुद्राचं पाणी मात्र हळू तापतं आणि हळूच गार होतं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावात रात्रीही ऊब टिकते. शिवाय तिथल्या हवेत दमटपणा असतो, माझ्या मुलाचे फुटलेले ओठ आणि नाकातली कोरडी खपली कोकणात दोन दिवसात मऊ पडली होती.

म्हणून माझा घरचा नियम असा, सगळ्यात लहान लेकरू ३ वर्षांच्या आतलं असेल तर रात्री १८ च्या खाली जाणारं ठिकाण यादीतूनच काढायचं. ३ ते ६ वर्षांचं असेल तर १५ पर्यंत चालतं. हवामान ॲपवर ठिकाणाचं नाव टाकून खालचा छोटा आकडा बघा, आणि आजचाच बघू नका, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याचा पण बघा. अंदाजासाठी माझ्या वहीतले जानेवारीचे आकडे देते: पणजी रात्री २० च्या पुढे, कोची २३, चेन्नई २१, दीव-वेरावळ १५-१६, द्वारका १५ च्या आसपास. मुंबई साधारण १७, पण एखादी लाट आली तर तिथेही गारवा येतो. या नियमात महाबळेश्वर, सापुतारा, तोरणमाळ आपोआप गळतात. ही ठिकाणं सुंदरच आहेत पण लेकरं मोठी झाल्यावर जा, किंवा पावसाळा संपता संपता जा.

मग तारखा

आपल्या बऱ्याच मराठी शाळांना मोठी सुट्टी दिवाळीची, डिसेंबरात फक्त नाताळचा दिवस. सीबीएसई आणि इंग्लिश मीडियमवाल्यांना नाताळ ते १ जानेवारी अशी आठवडाभर मिळते. आणि नेमका तोच आठवडा सगळ्यात महाग, सगळ्यात गर्दीचा. २४ डिसेंबर ते २ जानेवारी गोवा, दमण, अलिबाग, गणपतीपुळे या ठिकाणी लहान लेकरू घेऊन जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, रूमचे भाव चढलेले, रात्री उशिरापर्यंत गाणी, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, आणि लेकरू मात्र ८ वाजता झोपायला रडतंय.

शाळेत न जाणारं किंवा बालवाडी-पहिलीतलं लेकरू असेल तर ५ जानेवारी ते २० जानेवारी हा काळ मला सगळ्यात आवडतो. आपल्याकडे थंडी जोरात असते म्हणजे जाण्याचा खरा फायदा होतो, आणि तिकडे गर्दी ओसरलेली असते. फक्त संक्रांत घरी करायची असेल तर १४ तारीख सांभाळा आणि २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत असेल तर तोही टाळा.

शाळेची सुट्टी फक्त दिवाळीचीच असेल तर एक लक्षात ठेवा, नोव्हेंबरात कोकण-गोवा चांगलं असतं पण तामिळनाडू नाही. तिकडे आपल्यासारखा जून-जुलैचा पाऊस मुख्य नाही, त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि चक्रीवादळंही त्याच दिवसात येतात. २०२३ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला मिचौंग वादळात चेन्नई पाण्याखाली गेली होती, २०२४ ला ३० नोव्हेंबरला फेंगल पुदुच्चेरीजवळ धडकलं. त्यामुळे चेन्नई, महाबलीपुरम, पुदुच्चेरी यांचा विचार जानेवारीच्या मध्यानंतरच करा.

प्रवासाचे तास सगळ्यात लहान लेकराच्या हिशोबाने मोजा

माणसं किलोमीटर मोजतात, मी दरवाजा ते दरवाजा तास मोजते. घरातून निघाल्यापासून रूमच्या पलंगावर लेकरू टेकेपर्यंत किती तास, हा खरा आकडा. १ वर्षाच्या आतलं लेकरू झोपून जातं त्यामुळे रात्रीची ट्रेन सोपी जाते. सगळ्यात अवघड वय १ ते ३, चालायला लागलंय पण ऐकत नाही, त्यांना एका जागी ५-६ तासांच्या वर बसवणं म्हणजे सगळ्यांची परीक्षा. ४ च्या पुढे खिडकी मिळाली की काम होतं.

आपलं नशीब चांगलं की भुसावळ जंक्शन आपल्या दारात आहे. दिल्लीहून केरळला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून कल्याण-पनवेल करत कोकण रेल्वेने जाते, म्हणजे रात्री बसायचं आणि दुसऱ्या दिवशी गाडी न बदलता रत्नागिरी किंवा मडगाव, आणि तसंच पुढे बसून राहिलात तर एर्नाकुलम. मधल्या प्रत्येक स्टेशनवर ती थांबत नाही म्हणून थांबे आधी बघून घ्या. आणि कोकण रेल्वेचं पावसाळ्यातलं टाइमटेबल वेगळं असतं, कोणी जुलैतला स्क्रीनशॉट पाठवला असेल तर त्यावर विसंबू नका. गोवा एक्सप्रेस पण भुसावळहून जाते पण ती पुणे-मिरज-बेळगाव फिरून जाते, तास जास्त लागतात, लेकरांसोबत मी मंगलाच धरते. चेन्नईकडे जायचं तर अहमदाबादहून येणारी नवजीवन नंदुरबार, जळगाव, भुसावळला मिळते.

तिकिटाबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० नाही तर ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ५ जानेवारीला निघायचं तर ६ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता मोबाईल हातात घेऊन बसायचं. आपलं मधलं स्टेशन असल्याने वेटिंग पटकन सुटत नाही, वेटिंगच्या भरवशावर लेकरं घेऊन निघू नका. ५ वर्षांच्या आतल्या लेकराला वेगळा बर्थ न घेता तिकीट लागत नाही, ५ ते १२ मध्ये बर्थ नको असेल तर अर्धं भाडं आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण. इथे पैसे वाचवू नका, ६ वर्षांच्या पोरीला पूर्ण बर्थ घ्या, नाहीतर रात्रभर आई बसून आणि सकाळी तिचीच पाठ धरलेली. तात्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० ला आणि स्लीपरचं ११ ला, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ते आधीच करून ठेवा.

धुळे, शिरपूर, नंदुरबार, नवापूरकडच्यांना मात्र सुरत जवळ. तापी लाइनने किंवा हायवेने सुरतला उतरून पुढे वलसाड-दमणला जाणं कोकणापेक्षा निम्म्या वेळात होतं. विमानाचं म्हणाल तर २०२४ पासून जळगावहून गोव्याला छोटं विमान सुरू झालं, पण वार आणि वेळा बदलत राहतात म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी विमान त्या दिवशी आहे का ते बघा. २ वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर बसून जातं, पण वयाचा पुरावा लागतो, जन्मदाखला किंवा निळं बाल आधार सोबत ठेवा.

स्वतःची गाडी घेऊन कोकणात जायचा मोह होतो, आम्हीही एकदा गेलो. अमळनेर ते गणपतीपुळे एका दिवसात करू नका, मध्ये पुण्याला किंवा साताऱ्याला मुक्काम करा. आणि घाटात उलटी लागणारी लेकरं साधारण २ वर्षांच्या पुढची असतात, त्याहून लहानांना सहसा लागत नाही. घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोटभर दूध देऊ नका, सुकी पोळी किंवा मुरमुरे द्या, मोबाईल काढून घ्या आणि लांबचं बघायला लावा. उलटीचं औषध डॉक्टरला विचारूनच.

निघायच्या महिनाभर आधी एक दिवसाची रंगीत तालीम करा असं मी सगळ्यांना सांगते. आम्ही अडावदजवळच्या उनपदेवला गेलो होतो, सातपुड्याच्या पायथ्याला गरम पाण्याचा झरा आहे, शहाद्याकडच्यांना तिकडचं उनपदेव आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी. त्या एका दिवसात कळलं की मुलगा नवीन जागी शी करत नाही, मुलगी बाहेरचं पाणी प्यायला नाही म्हणते आणि आमची बॅग दुप्पट जड आहे.

आता ठिकाणं एकेक

कोकण हे माझं पहिलं मत, कारण भाषा आपली, भात-वरण कुठेही मिळतं आणि ट्रेन थेट. पण कोकण म्हणजे एकच ठिकाण नाही. गणपतीपुळ्याला देऊळ अगदी समुद्राला लागून, आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचं मन भरतं, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, घरगुती खोल्या भरपूर. पण तिथला समुद्र लेकरांसाठी चांगला नाही, पाणी एकदम खोल होतं आणि आत ओढ आहे, दरवर्षी माणसं बुडतात, पाट्या लावल्यात तरी लोक उतरतात. आम्ही तिथे फक्त वाळूत खेळू दिलं, पाण्यात घोट्याच्या वर नाही.

पाण्यात खेळायचं तर दापोलीजवळचं मुरूड-हर्णै, किनारा सपाट आणि उथळ, सकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव बघायला लेकरांना खूप मजा येते. गुहागरचा किनारा लांबच लांब, मागे सुरूची झाडं म्हणजे दुपारी सावली मिळते, गर्दी कमी. वेळणेश्वर शांत, छोटंसं. आणि मालवणजवळ तारकर्ली, पाणी स्वच्छ, पलीकडे खाडीत बोटीतून फिरता येतं. ४ वर्षांच्या आतली लेकरं असतील तर मी गुहागर किंवा मुरूड-हर्णै सांगेन, ४ च्या पुढे तारकर्ली, तिथे बघण्यासारखं जास्त आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीने जाता येतं.

गोवा नाताळ सोडून गेलात तर कुटुंबासाठी छान आहे, फक्त उत्तर गोव्यातल्या बागा-कळंगुटला रूम घेऊ नका. दक्षिणेला कोलवा, बेनौलीम, पाळोळे, तिथे संध्याकाळ शांत. पाळोळेचा किनारा अर्धगोल आहे, पाणी बऱ्यापैकी संथ. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर लाइफगार्ड असतात, ही मोठी सोय आहे. जानेवारीतही समुद्राचं पाणी २७ च्या आसपास असतं त्यामुळे लेकरू पाण्यातून कुडकुडत बाहेर येत नाही.

गुजरातकडे दीव मला आवडलं, नागवा बीच घोड्याच्या नालेसारखा वळलेला, पाणी संथ. सोमनाथ तिथून दीड-दोन तासांवर आणि गीरची सिंह सफारी १६ ऑक्टोबर ते १५ जून चालू असते, लेकरांना सिंह दाखवायचा असेल तर यासारखी जागा नाही, सफारीचं परमिट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि पहाटेची उघडी जिप्सी मात्र घेऊ नका, दुपारची घ्या, पहाटे तिथे चांगलाच गारठा असतो. दीवला रात्री स्वेटर लागतो, पाणी पण कोकणापेक्षा गार, म्हणून ३ वर्षांच्या पुढच्यांसाठी. दमण आपल्याला सगळ्यात जवळ पण शनिवार-रविवारी तिथे दारू प्यायला येणाऱ्यांची गर्दी असते, सोमवार ते गुरुवार जा. दमणचा जांपोर आणि वलसाडचा तिथल, दोन्हीकडे ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि चिखल उघडा पडतो, काळसर वाळू आहे, फोटोत दिसतं तसं निळं पाणी मिळणार नाही. दोन दिवसांसाठी ठीक.

केरळ ऊब म्हणाल तर सगळ्यात पक्की, रात्रीसुद्धा २३. पण मंगलाने दीड दिवसाचा प्रवास, आणि केरळ म्हटलं की लोक मुन्नार घालतात, मुन्नार जानेवारीत भरपूर थंड असतं, कधी कधी पारा शून्याजवळ जातो. लेकरांसोबत कोची, आलप्पुळा एवढंच करा, हाउसबोट रात्रीची न घेता दिवसाची घ्या, रात्री बोट एका जागी उभी असते आणि डास असतात. अंदमान सुंदर, रात्री २३, पण आपल्याकडून दोन विमानं आणि पुढे स्वराज द्वीपला जायला मोठी बोट. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील. तिकडे संध्याकाळी ५ लाच अंधार पडायला लागतो, लेकराच्या झोपेसाठी बरं पण फिरायला दिवस छोटा. ५ वर्षांनंतर.

समुद्र आणि भरती-ओहोटी

आपण खान्देशातली माणसं, आपल्याला तापी कळते, समुद्र कळत नाही, आणि बुडण्याच्या बातम्यांत घाटावरची माणसंच जास्त असतात. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले होते. म्हणून हे नीट वाचा.

दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातली एक जुनी युक्ती आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या वाजता साधारण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. तासभर इकडेतिकडे होतं पण अंदाज येतो, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब गुजरातकडे लावू नका, खंबातच्या आखाताजवळ भरतीचं गणित वेगळं आणि पाणी चढतं-उतरतं पण खूप जास्त. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं, तेव्हा लेकरांना पाण्यात नकोच. ओहोटी लागली की पाणी आत खेचतं, त्या वेळेत बाहेर काढा. गावातल्या खोलीवाल्या काकांना रोज सकाळी एकच विचारायचं, आज कुठे आणि किती वाजेपर्यंत? ते अचूक सांगतात.

लेकरामागे एक मोठा माणूस, हाताच्या अंतरावर, आणि त्याच्या हातात मोबाईल नाही. हवेची रिंग समुद्रात वापरू नका, वारा तिला आत नेतो. होडीत बसायचं तर लेकराच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा, मोठ्या माणसाचं जॅकेट डोक्यावरून निघून जातं. मापाचं नसेल तर बसू नका, होडीवाला काहीही म्हणो. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेली बोट नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडाली, ते सगळ्यांनी बघितलंय.

ऊन पण सांभाळा. थंडीतून आलोय म्हणून ऊन गोड लागतं आणि संध्याकाळी लेकराची पाठ लाल होते. ११ ते ३ सावलीत, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट, टोपी. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन न लावता सावली आणि कपड्यानेच जपा.

रूम ठरवताना फोनवर काय विचारायचं

ऑनलाइन फोटोवर जाऊ नका, फोन करा. एकदा "सी व्ह्यू" म्हणून घेतलेल्या रूममधून समुद्र दिसत होता खरा, पण दोन शेतं आणि एक रस्ता ओलांडून, आणि त्या रस्त्यावर ट्रक. मी आता हे विचारते: किनारा पायी किती मिनिटं आणि मध्ये मोठा रस्ता आहे का, खोली तळमजल्यावर मिळेल का, गरम पाणी गिझरचं की बंबाचं आणि किती वाजल्यापासून, खिडकीला जाळी आहे का, विहीर किंवा स्विमिंग पूल उघडा आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका, कोकणातल्या वाडीत विहिरी असतात आणि काहींना कठडा ठेंगणा असतो. रात्री दूध गरम करून मिळेल का हे पण विचारा, घरगुती खोलीवाल्या काकू आनंदाने देतात, मोठ्या हॉटेलात त्याचंही बिल लागतं.

एकाच ठिकाणी राहा. ५ रात्री असतील तर पाचही एकाच खोलीत. दोन रात्री इथे, दोन तिथे केलं की लेकराला प्रत्येक नवीन खोलीत पहिली रात्र रडून काढावी लागते, आणि तुमचे दोन दिवस बॅगा भरण्यात जातात.

खाणं

आपल्या लेकरांना कळण्याची भाकरी, पोळी, मुगाची खिचडी याची सवय. कोकणात भात, आणि भाजीत नारळ. पहिल्या दिवशी मुलीने तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी मऊ भात-तूप-मेतकूट आणि घावणे आवडीने खाल्ले. तरी मी सोबत भाजलेली मूगडाळ-तांदळाची भरड, नाचणीसत्त्व, शेंगदाण्याची चटणी, घरचं तूप आणि छोटी इलेक्ट्रिक केटली नेते. मासे नवीन असतील तर लेकराला पहिल्या दिवशी थोडेच द्या, शिंपल्या-कोळंबी घरी परतायच्या आदल्या दिवशी अजिबात नको. शहाळं भरपूर पाजा. पाणी उकळून गार केलेलं, किंवा बाटलीचं सील बघून. केळी तिकडे घेताना मात्र सावद्याची आठवण येते, ते असो.

औषधं आणि डॉक्टर

निघायच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरकडे एक चक्कर. ताप, उलटी, जुलाब, सर्दी, दम यापैकी जे लागतं ते औषध आणि वजनाप्रमाणे डोस चिठ्ठीवर लिहून घ्या, चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, डासांची जाळी. नेब्युलायझर लागत असेल तर तो हातातल्या बॅगेत. जिथे जाताय तिथून जवळचं मोठं रुग्णालय कुठे ते आधी शोधा, गुहागरचं चिपळूण, गोव्यात बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज. १०८ ला फोन महाराष्ट्र, गोवा, गुजरात सगळीकडे लागतो. अंगात ताप असताना निघू नका, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

परतीचा दिवस

यावर कोणी बोलत नाही आणि इथेच लेकरं आजारी पडतात. पाच दिवस २०-२२ च्या रात्रीत राहिलेलं लेकरू एसी डब्यातून उतरतं ते थेट आपल्या पहाटेच्या गारठ्यात. म्हणून परतीचं तिकीट काढतानाच गाडी भुसावळला-जळगावला किती वाजता येते ते बघा, शक्य असेल तर दिवसा उतरणारी घ्या. पहाटेची असेल तर घरून कोणाला तरी बंद गाडी घेऊन बोलवा, उघड्या रिक्षात नको. आणि स्वेटर, कानटोपी, मोजे, एक छोटी गोधडी हे बॅगेच्या सगळ्यात वर ठेवा, समुद्राच्या ओल्या कपड्यांच्या खाली नाही. मनमाड गेलं की मी लेकरांना झोपेतच टोपी-मोजे चढवते, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत डब्याच्या दारात उभं राहत नाही.